मरीयेचा सव्वा महिना

देवाच्या आईवरून देवाशी भांडण धरून बसलेली बाई सगळ्या सोलापुरात एकच आहे, आणि ती माझी विहीण आहे. माझी मुलगी तिच्या मुलाला दिली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मुलगी आणि जावई नोकरीसाठी पुण्याला गेले, तिथलेच झाले, आणि मागं आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या वाट्याला आलो. ती कॅथलिक, मी प्रॉटेस्टंट, मिशनच्या देवळातली. आमच्या देवळात मूर्ती नाही. समोरच्या भिंतीवर एक क्रूस आहे आणि एक घड्याळ आहे, आणि उपदेश लांबला की लोक क्रूसापेक्षा घड्याळाकडं जास्त बघतात. मरीयेचं नाव आमच्यात नाताळात निघतं आणि पुन्हा पुढच्या नाताळापर्यंत कुणी काढत नाही. विहिणीच्या घरात मात्र मरीया बारा महिने बोलण्यात असते, आणि तीही देवाची आई म्हणून नाही, शेजारच्या घरात मुकाट्यानं सोसणारी एखादी सून असावी तशी. तिच्या चर्चमधले सगळे मरीयेला माउली म्हणतात. विहीण तिला पोरगी म्हणते. मध्यंतरी एकदा मी विचारलं की तुमच्यात तिला एवढं मानतात आणि तुम्ही पोरगी काय म्हणता. तर म्हणाली, "बाळंत झाली तवा पंधरा-सोळाची आसंल नव्हं? माज्या नातीपरीस ल्हान. तिला आई म्हणायला मला काय वाटंल का न्हाय?"

विहिणीची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर ती तिनं एकटीनं चालवली, आणि आख्ख्या पेठेवर दरारा ठेवून चालवली. गिऱ्हाइकं निम्मी तेलुगू, त्यामुळं तिला मराठीत एक आणि तेलुगूत एक असं दोनदा रागावता येतं. पट्टा फिरत असताना बोलायची सवय, म्हणून आवाज कायम गिरणीच्या वर लावलेला. चर्चमध्ये लोक मनातल्या मनात प्रार्थना करतात तेव्हा हिची मनातली प्रार्थना फाटकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला ऐकू जाते. एकदा त्या रिक्षावाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की तुमच्या विहीणबाईंच्या कुठल्या पोरीला सासरी एवढा जाच आहे, आणि पोलिसात का देत नाही. दळणाच्या डब्याला ती स्वतः कधी हात लावत नाही. गिऱ्हाइकानं आपला डबा आपण उचलायचा, आपण ओतायचा, नाहीतर दुसरी गिरणी बघायची. आणि मिस्साच्या उपासनेत सगळं चर्च गुडघ्यांवर येतं तेव्हा ही बाकावर ताठ बसून असते. मी समजून होते की हा गिरणीच्या मालकिणीचा तोरा आहे. चर्चमधल्या बायकाही तसंच समजत होत्या, आणि तसं बोलतही होत्या.

तिचा पहिला राग मरीयेच्या नवऱ्यावर, योसेफावर. बादशहानं सगळ्यांची नावनिशी लिहून घ्यायचा हुकूम काढला म्हणून योसेफ दिवस भरलेल्या मरीयेला घेऊन नासरेथाहून बेथलेहेमाला निघाला, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली आहे आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलेलं नाही. विहिणीला दिसतं. ती म्हणते, नाव नवऱ्यानं सांगून चाललं नसतं का, बाईला कशाला न्यायची, आणि न्यायची तर निघायच्या आधी उतरायची जागा नको का बघायला. एकदा आम्ही दोघी करमाळ्याहून एसटीनं परत येत होतो. मागच्या सीटवर एक पोटुशी बाई दणके खात बसली होती आणि तिचा नवरा पुढं खिडकीशी झोपला होता. विहिणीनं त्याला उठवलं, बाईला पुढं बसवलं, आणि सोलापूर येईपर्यंत त्याला योसेफ म्हणून हाका मारत होती. योसेफ, पाण्याची बाटली आन. योसेफ, खिडकी लाव, तिला वारं लागतंय. त्याचं नाव सिद्धाराम होतं. त्यानं दोनदा सांगितलंही. उतरताना त्यानं आमच्या पिशव्यासुद्धा खाली काढून दिल्या आणि लांब जाऊन उभा राहिला.

दुसरा राग अलीशिबेवर. अलीशिबा म्हणजे मरीयेची नातलग. तिला म्हातारपणी दिवस गेले, तेव्हा मरीया डोंगराळ मुलखात तिच्याकडं जाऊन तीन महिने राहिली. आमच्या देवळातले पाळक यावर सुंदर उपदेश करतात. विहीण विचारते की हिनं तिचं एवढं केलं, मग हिच्या वेळेला ती कुठं होती. आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे हिची आई कुठं होती. शास्त्रात, म्हणजे बायबलात, मरीयेच्या आईचं नावही नाही. कॅथलिकांच्या परंपरेत आहे, तिला संत अन्ना म्हणतात आणि तिचा सणही करतात. विहीण रोज चर्चला जाते, पण त्या सणाला जात नाही. "लेकीच्या पयल्या बाळंतपणाला गेली न्हाय, तिचा कसला सण?" मी तिला समजावून सांगितलं की लिहिलेलं नाही म्हणजे गेली नसेल असं होत नाही. त्यावर ती म्हणाली, "लिवणारे समदे बाप्ये. बाळंतिणीच्या खोलीत त्यास्नी कोण घेतंय? भाईर बसून जेवडं कळलं तेवडं लिवलं." तिचं बरोबर होतं, त्याचाही मला राग आला.

प्रत्यक्ष येशूवर राग नाही असं नाही. बारा वर्षांचा असताना तो सणाच्या गर्दीत मागं राहिला, आईबाप तीन दिवस शोधत होते, आणि मंदिरात शास्त्र्यांच्या मध्ये बसलेला सापडला तेव्हा त्यानं उलट विचारलं की मला शोधलंत कशाला, मी माझ्या पित्याच्या घरीच असणार. विहिणीला हे वाचून दाखवलं की तिचा हात शिवशिवतो. माझा जावई लहान असताना गड्ड्याच्या जत्रेत असाच हरवला होता. आईनं सगळी जत्रा पालथी घातली, आणि हा उंच पाळण्याच्या मागं बसून शेंगा खात होता. म्हणाला, मी कुठं हरवलो, मी तर इथंच होतो. त्याला आधी एक थोबाडीत मिळाली आणि मग उसाचा रस मिळाला. हे तिनं एका फादरना सांगून विचारलं होतं की मरीयेनं थोबाडीत दिली का नाही ते लिहायचं कसं राहिलं. काना गावच्या लग्नाचंही तसंच. तिथं द्राक्षारस संपला हे मरीयेच्या ध्यानात आलं, तिनं मुलाला सांगितलं, आणि त्यानं चारचौघांत तिला 'बाई' म्हणून तुटक उत्तर दिलं. मी सांगितलं की आमचे पाळक म्हणतात, मूळ भाषेत ते बोलणं मानाचं आहे. विहीण म्हणाली, तुमच्या पाळकाला सांगा, आज घरी जाऊन आईला तसंच बोलून बघ. पण मरीयेवर मात्र ती खूश असते. एवढ्या लग्नात मागच्या बाजूला जाऊन कमीजास्त बघून येणारी ती एकटी, बाकीचे सगळे पंगतीत. "आन उलटून बोलली न्हाय. वाढप्यांस्नी सांगितलं ह्यो म्हणतोय तसं करा, झालं काम. मी आसते तर उलटून बोलले आसते आन काम ऱ्हायलं आसतं." स्वतःबद्दल इतकं खरं बोलताना मी तिला तेवढ्या एकाच बाबतीत ऐकलं आहे.

पण हे सगळे राग एकीकडं आणि नाताळच्या गोठ्याचा राग एकीकडं. चर्चमध्ये दर नाताळाला गोठ्याचा देखावा करतात. कडबा, गाय, मेंढरं, गव्हाणीत बाळ, काठी घेतलेला योसेफ, आणि बाळासमोर गुडघे टेकून हात जोडलेली मरीया. सगळ्या जगात असाच करतात. विहीण म्हणते, रात्री बाळंत झालेली पोरगी सकाळी गुडघ्यांवर कशी, हिला बसवली कुणी. बरीच वर्षं झाली, एका नाताळाला तिनं कुणाला न विचारता तो मातीचा पुतळा उचलला आणि कुशीवर आडवा केला. खाली सोलापुरी चादर चौघडी घालून अंथरली, डोक्याखाली उशी, कानाला फडकं, वर वाकळ. मी बघायला गेले ती हसायच्या तयारीनं गेले. पण गुडघे टेकलेला पुतळा कुशीवर निजवला की गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली पोरगी दिसते, आणि जोडलेले हात नेमके गालाखाली येतात. दमून पडली आहे आणि आता कुणी बोलू नये, असं वाटतं. मला हसू आलं नाही. आमच्या पाळकांना मी यातलं काही सांगितलं नाही.

त्या वर्षापासून नाताळ ते फेब्रुवारी विहीण मरीयेचा सव्वा महिना करते. बाकीच्या ठिकाणी गोठा जानेवारीच्या सुरुवातीला मोडतात. हिचा गोठा फेब्रुवारीत, मरीया बाळाला घेऊन मंदिरात गेली त्या सणाला मोडायचा. मोशेच्या नियमाप्रमाणं बाळंतिणीचे चाळीस दिवस आणि आपल्याकडचा सव्वा महिना एकमेकांशी जुळतात, आणि शास्त्रातली एवढीच गोष्ट तिला कुरकुर न करता पटलेली आहे. रोज सकाळी डबा जातो. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. डबा गोठ्याजवळ ठेवतात आणि दुपारी चर्चचा वॉचमन खातो. फेब्रुवारीपर्यंत त्याचं पोट सुटतं, आणि त्याला बघून विहीण समाधानानं म्हणते की पोरगीला अन्न अंगी लागतंय. बाळासाठी भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना ती गोठ्यात येऊ देत नव्हती. बाळंतिणीच्या खोलीत तीन परके बाप्ये, तेही पायताणं घालून. त्यांनी आणलेलं सोनं ठीक, ऊद धुरीला उपयोगी पडतो, पण तो गंधरस कशाला. तिला चिडवायला मी एकदा सांगितलं की गंधरस म्हणजे बोळ, मढ्याला लावायला वापरत, पाळकांनीच सांगितलं आहे. तिनं चहाचा कप खाली ठेवला. बोळ म्हणजे हिराबोळ का, असं विचारलं. काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन खात्री करून घेतली. हिराबोळ आपल्याकडं बाळंतिणीला पोट साफ व्हावं म्हणून देतात, हे मलाही माहीत होतं, पण माझ्या डोक्यात शास्त्र एका कप्प्यात आणि बाळंतपण दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी तिनं ज्ञानी लोकांना गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आणून उभं केलं. "त्यास्नी काय कळतंय," ती म्हणाली. "त्यांच्या बायकांनी दिलं आसंल बांधून."

आधीचे फादर म्हातारे होते. ते म्हणायचे की यात विश्वासाच्या विरुद्ध काही नाही, आणि असलं तरी बाईंना सांगायला मी जाणार नाही. गेल्या वर्षी त्यांची बदली झाली आणि नवे फादर आले. तरुण, वसईकडचे, फार शिकलेले, आवाज लोण्यासारखा. त्याच वर्षी चर्चच्या कमिटीनं पुण्याहून फायबरचे नवे पुतळे आणले. नवी मरीया गोरीपान, निळा झगा, गालावर लाली, बाळंत झाल्याची खूण कुठं नाही. खाली चौकोनी बैठक, त्यामुळं आडवी केली की पायाशी फळी दिसायची. विहिणीनं नाताळच्या सकाळी तिला निजवली आणि फळीवर वाकळ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन निघाली आणि मला बरोबर चला म्हणाली. आम्ही जाऊन बघतो तर मरीया पुन्हा गुडघ्यांवर, आणि पुन्हा कुणी निजवू नये म्हणून मागच्या खांबाला तारेनं बांधलेली. चादर, उशी आणि वाकळ घडी करून बाजूला ठेवली होती, फडक्यासकट.

विहीण तार सोडायला लागली तेवढ्यात फादर आले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, कारण रागाला राग देता येतो. त्यांनी आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या आणि समजावून सांगितलं की नाताळात सगळ्या धर्माचे लोक देखावा बघायला येतात, काल पोरं हसत होती, फोटो काढून मोबाईलवर पाठवत होती, माउलीची चेष्टा झालेली त्यांना बघवली नाही. हे मला पटलं. मग म्हणाले की आजी, तुम्ही माउलीला साध्या बाईसारखी समजता, पण आपली श्रद्धा अशी आहे की तिला वेणा झाल्याच नाहीत, प्रकाश काचेतून यावा तसं बाळ आलं. हे मला पटलं नाही, पण ते माझं चर्च नव्हतं. विहीण मान खाली घालून बसली हे बघून त्यांना वाटलं असावं की पटलं, म्हणून त्यांनी आणखी एक वाक्य घातलं. म्हणाले, गुडघे टेकणं ही काही शिक्षा नाही आजी, तो प्रेमाचा भाग आहे, तुम्हीही मिस्साला गुडघे टेकत नाही, लोक मला विचारतात.

तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा गिरणीच्या खाली आलेला ऐकला. "फादर, मला गुडगं टेकता येत न्हाईत. टेकलं की माजं अंग भाईर येतंय. बहात्तरच्या दुष्काळात माजं पयलं बाळंतपण झालं, सांगोल्याकडं. घरात दाणा न्हवता. पंधरा दिस बी झालं नसतील, मला खडी फोडाय बसवली. उन्हात, उकिडवी. हिला पडू द्या आसं कोण म्हणलं न्हाय. सासू न्हाय, नवरा न्हाय, माजी आई बी न्हाय. तवापासनं ह्ये आसं हाय." मग तिनं त्या तारेकडं बघितलं. "वेणा झाल्या न्हाईत तर न्हाईत. तुमी शिकलेले हाय. पर पोर तर झालं नव्हं? हिला तरी पडू द्या की."

फादरना कळलं नाही. अंग बाहेर येणं म्हणजे काय, हे त्यांना त्यांच्या कुठल्याच शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला तिथं, योसेफ आणि तीन मेंढरांच्या समोर, त्या कोवळ्या माणसाला सांगावं लागलं की बाळंतपणानंतर बाईला पडू दिलं नाही आणि जड काम लावलं की गर्भाची पिशवी सैल होऊन खाली उतरते, वाकलं, बसलं, उचललं की बाहेर येते, आणि ती हातानं आत सारावी लागते. आणि ही बाई पन्नास वर्षांवर ती सारत आली आहे आणि तुम्ही तिला प्रेमाचा भाग शिकवताय. हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं मला नंतर मुलगी म्हणाली. मला तसं वाटत नाही. फादरचे कान लाल झाले. ते खाली बसले आणि तार सोडायला लागले. कमिटीनं ती पक्कडीनं पिळली होती, नुसत्या बोटांनी सुटेना, बोटाला लागलं तरी सोडत होते. सुटल्यावर त्यांनी चादर अंथरली आणि मरीयेला दोन्ही हातांनी धरून आडवं केलं. भिंतीकडं तोंड झालं. "त्या कुशीवर न्हाय," विहीण म्हणाली. "बाळाकडं तोंड करून. रडलं तर हात पुरला पायजे." त्यांनी कूस बदलली. कानाचं फडकं त्यांना बांधता येईना, ते मी बांधलं. मी मिशनची बाई, जन्मात मूर्तीला हात लावला नव्हता. त्या दिवशी मी इतक्या संतापात होते की ते घरी आल्यावर लक्षात आलं.

संताप फादरवर थोडाच होता. रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत मी विहिणीला बोलत होते. दवाखाना गावात आहे, गाडीभाडं लागत नाही, सून शिकलेली आहे, मी जिवंत आहे, तुम्ही माणूस आहात का धोंडा. ती म्हणाली, लेकाला असलं कसं सांगायचं आणि सुनेला सांगितलं तर ती लेकाला सांगणार. मी म्हटलं, आणि मला? "तुमी विहीण हायसा," ती म्हणाली. "घरात आसलं दुखणं हाय म्हणल्यावर तुमी पोरगी दिली आसती का?" पोरगी देऊन नातीचं कॉलेज संपत आलं होतं. मी रिक्षावाल्याला गाडी दवाखान्याकडं घ्यायला सांगितलं, आणि ती नको नको म्हणत होती ते त्याला ऐकू येत असून त्यानं ऐकलं नाही. तो तोच रिक्षावाला होता.

जानेवारीत ऑपरेशन झालं. डॉक्टरीण नातीच्या वयाची दिसत होती. तिनं एवढंच विचारलं की आजी, इतकी वर्षं चालत कशा होता. जावई पुण्याहून आला, दोन दिवस फोनवर बोलत व्हरांड्यात फिरला, आई कधी बोललीच नाही असं मला तीनदा सांगून परत गेला. त्याच्याबद्दलचं बाकीचं मी इथं लिहीत नाही, त्याच्या तोंडावर बोलून झालेलं आहे. डॉक्टरणीनं सांगितलं की वाकायचं नाही, उचलायचं नाही, हात फार वर ताणायचे नाहीत, सव्वा महिना नुसतं पडून राहायचं. विहिणीला माहेर उरलेलं नाही. मी तिला माझ्या घरी आणली आणि स्वयंपाकघरातच खाट टाकली.

आजारी माणूस म्हणून तिच्याइतकं वाईट माणूस मी बघितलेलं नाही. माझ्या भाकरीला ती पापड म्हणते. पडल्या पडल्या तिनं मला गिरणीतल्यासारखं कामाला लावलं, आणि वर पोरगीचा डबा चुकायचा नाही म्हणून बजावलं. मी सांगितलं की मी मूर्तीपुढं अन्न ठेवणार नाही, आमच्यात ते पाप आहे. डबा मी रोज नेऊन वॉचमनच्या हातात देत होते. जिथं पोचायचा तिथं तो पोचत होता. फेब्रुवारीच्या सणाला फादर स्वतः घरी आले आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले की आजी, झाला सव्वा महिना, उठवलं माउलीला. तिनं विचारलं, न्हाऊ घातलं का. ते म्हणाले, ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. कोमट पाण्यानं का, तिनं विचारलं. कोमट, ते म्हणाले. मला खरं वाटलं नाही. पण सांगताना ते हसले नाहीत.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती आढ्याकडं बघत पडली होती. मग म्हणाली की क्रूसावरून येशूनं आईला आपल्या शिष्याच्या हवाली केलं, ही तुझी आई म्हणून, आणि तो तिला आपल्या घरी घेऊन गेला, पुढं काय लिहिलं आहे. मी सांगितलं की पुढं शिष्यांबरोबर माडीवर प्रार्थना करताना तिचं नाव एकदा येतं, मग येत नाही. तुमच्यातच म्हणतात की तिला देहासकट स्वर्गात नेलं. "वर न्हेलं ते न्हेलं," ती म्हणाली. "पर त्याच्या आदी किती वरसं ऱ्हायली आसंल त्या शिष्याच्या घरी. दुसऱ्याच्या घरात. सकाळी उठून आपल्या मनानं जरा च्या करून घ्यावा म्हणलं तर डबं कुटं हायत ते बी ठावं नसतंय. कुणाला उठवायचं?"

मरीयेच्या काळी चहा नव्हता, हे मी बोलले नाही. उठले, साखरेचा आणि पत्तीचा डबा वरच्या फळीवरून काढला आणि तिला दिसेल असा धरला. ती पडल्या पडल्या बघत होती. दोन्ही डबे मी खालच्या फळीवर ठेवले, तिच्या खाटेवरून हात पोचेल असे. ती कूस बदलून झोपली.

मार्चमध्ये ती आपल्या घरी परत गेली. गिरणी सुरू झाली, आवाज पुन्हा होता तिथं गेला, आता इस्टर जवळ आला म्हणून, येशूला मी ओळखत नाही म्हणालेल्या पेत्राच्या नावानं खडे फोडणं चालू आहे. माझ्या घरात मी एकटीच चहा करते. डबे खालीच आहेत. दर सकाळी मला वाकावं लागतं, कंबर धरते, आणि दर सकाळी मला तिचा राग येतो.